डोळ्यांचं माप

मामाने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली एवढंच लिहिलं, ‘कालवड झाली.’ एरवी गाय व्यायली की मामा थांबत नाही. वार कधी पडली, चीक किती निघाला, कपाळावर चांद आहे की नाही, सगळं सविस्तर येतं, वर दोन-चार आवाजी निरोप. या वेळी फोटोही लांबून काढलेला. काळंपांढरं ओलं अंग आणि ते चाटणारी गाय. मी अंगठा दाखवला, खरवसाची मागणी केली आणि विसरून गेले. पुढे काही दिवसांनी म्हसवडला जाणं झालं, तेव्हा गोठ्यात शिरल्या शिरल्या कळलं की फोटो लांबून का होता.

कालवड तशी अंगाने भरलेली. पाय सरळ, कान टवटवीत, आवाज आला की मान वर करून तिकडे तोंड वळवायची. पण वासराचे ते ओले, काळेभोर डोळे जिथं असायचे तिथं पापण्या अर्धवट मिटलेल्या आणि फटीत नुसतं गुलाबी मांस. जनावराला आतल्या कोपऱ्यात तिसरी पापणी असते, एरवी ती दिसत नाही; इथे तिला झाकायला डोळाच पुरेसा नव्हता, म्हणून ती पुढे आलेली. मामाने अंगठ्याने वरची पापणी उचलली, तेव्हा पार आत हरभऱ्याएवढं काळसर काहीतरी हललं. दोन्हीकडे तसंच. पहिल्या दिवशी मामाला वाटलं होतं, हगवण लागली असणार. अंगातलं पाणी गेलं की वासराचे डोळे खोल जातात, हे गोठ्यात वाढलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पण हगवण नव्हती. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच जागेवर बसत होती. डोळे खोल गेले नव्हते, ते वाढलेच नव्हते.

आजी गोठ्याच्या कडेला खाटेवर बसलेली. ‘गिराणात भाईर बांधली हुती का गं?’ तिने मामीला विचारलं, आणि पहिल्यांदा विचारत नव्हती हे मामीच्या चेहऱ्यावरून दिसलं. ‘न्हाई ओ आत्याबाई, गेरू लावला हुता की पोटाला.’ ग्रहण नेमकं कधी होतं ते दोघींनाही आठवत नव्हतं, तरी मामीच्या आवाजात जबाब देणाऱ्याची घाई होती. तेवढ्यात वहिनी चहाचे कप घेऊन गोठ्याच्या दारापर्यंत आल्या. मामेभावाची बायको, पाचवा महिना चालू. ‘तू हिकडं येऊ नगंस,’ आजी म्हणाली. रागाने नाही, अगदी काळजीने. वहिनींनी कप उंबऱ्यावर ठेवले, पदर पोटावर ओढून घेतला आणि वळल्या. रोज सकाळची धार त्याच काढायच्या. कालवड झाल्या दिवसापासून ते बंद होतं.

मला नंतर कालवडीपेक्षा ते उंबऱ्यावरचे कपच जास्त टोचत राहिले.

लहानपणी याच गोठ्यात आजोबांचा सर्जा होता, खिल्लार. त्याचा एक डोळा बसलेला. कडब्याचा खुंट लागला, डोळा पिकला, त्यात फूल पडलं आणि पुढे वर्षभरात तो हळूहळू आटत गेला. शेवटी खोबणीत एक सुरकुतलेला पांढरट गोळा तेवढा उरला. आजोबा त्याला नेहमी अशा बाजूला जुंपायचे की बसलेला डोळा जोडीच्या बैलाकडे यावा आणि चांगला डोळा बाहेरच्या बाजूला. बेंदराला त्याच्या शिंगांना हिंगूळ लागायचं, गोंडे लागायचे, आणि बसलेल्या डोळ्याभोवती आजोबा स्वतः बोटाने रंगाचं कडं काढायचे. सर्जाच्या डोळ्याला कधी कुणी अपशकुन म्हटलं नाही. कारण माहीत होतं ना. खुंट लागला होता. कारण दाखवता आलं की माणसं किती समजूतदार होतात!

कालवडीच्या बाबतीत दाखवायला खुंट नव्हता. तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले, तेव्हा त्यांनी आधी तिला मोकळं सोडायला सांगितलं. ‘चाल बघू दे.’ ती गव्हाणीला धडकली, थबकली, वास घेतला आणि वळून सरळ चालत गेली. पाय लटपटत नव्हते, तोल जात नव्हता. डॉक्टर ‘हं’ म्हणाले. मग प्रश्न सुरू झाले. कृत्रिम रेतनाची कांडी कोणत्या वळूची भरली होती? गायीच्या आईलाही त्याच वळूची कांडी भरली होती का? गाभणपणात गायीला ताप, नाक गळणं असं काही? उन्हाळ्यात वैरण काय होती? मामाला कांडीचं आठवेना. ताप येऊन गेला होता, दोन दिवस गाय नीट खात नव्हती, मग बरी झाली म्हणून कुणाला बोलावलं नाही. वैरण काय असणार, कडबा आणि उसाचं वाढं. माणदेशातला उन्हाळा, तोही पाऊस चुकलेल्या वर्षानंतरचा.

डॉक्टर जे बोलले ते मला रात्री झोपताना एकेक करून उलगडत गेलं. गायीचंही आपल्यासारखंच, नऊ महिने नऊ दिवस. त्यातल्या पहिल्या महिना-दीड महिन्यात गर्भाच्या मेंदूतून दोन बाजूंना दोन फुगवटे निघतात, ते पुढे सरकत कातडीला टेकतात, तिथली कातडी आत वळून भिंग बनते आणि मागचा फुगवटा वाटीचा आकार घेतो. डोळा म्हणजे मेंदूचाच बाहेर डोकावणारा तुकडा. या टेकण्यात, वळण्यात जरा चुकामूक झाली की डोळा लहान राहतो किंवा होतच नाही. चूक कधी जनुकात असते. पॅक्स-सिक्स नावाचं एक जनुक आहे, ते अर्धंच चाललं तर उंदराचे डोळे बारीक राहतात. 1995 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत त्याच जनुकाचा माशीतला भाऊबंद माशीच्या पायावर, पंखावर, मिशीवर चालू केला, तर तिथं तिथं डोळे उगवले. उंदराचं जनुक घातलं तरी उगवले, आणि तेही माशीचेच डोळे. कधी चूक विषाणूची असते. बोव्हाइन व्हायरल डायरियाचा विषाणू गायीला दोन दिवस तापवून निघून जातो, पण गाभणपणाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भापर्यंत पोचला तर तोल सांभाळणारा लहान मेंदू आणि डोळे दोन्ही पोखरतो. डॉक्टर चाल बघत होते ती यासाठी. लहान मेंदू बिघडलेलं वासरू दारूड्याच्या चालीने चालतं, आमचं तसं चालत नव्हतं. आणि कधी चूक वैरणीची असते.

वैरणीच्या गोष्टीने माझी झोपच उडाली. टेक्सासच्या शेती संशोधन केंद्रात फ्रेड हेल नावाचे गृहस्थ डुकरांच्या खाण्यावर काम करत होते. एका ड्युरॉक-जर्सी जातीच्या मादीला त्यांनी गाभण राहण्याआधी कित्येक महिने आणि राहिल्यावरही सुरुवातीचे काही दिवस जीवनसत्त्व ‘अ’ नसलेलं खाणं दिलं. तिला 11 पिल्लं झाली, आणि एकाही पिल्लाच्या खोबणीत डोळाच नव्हता. हेलने 1933 साली हे छापलं. त्या काळात जन्मतःच असं काही निघालं म्हणजे रक्तातच दोष, असं शास्त्रज्ञही धरून चालत. हेलने पुढे जे केलं ते मला फार आवडलं. त्याने तीच आंधळी पिल्लं वाढवली, त्यांचाच आपसात संकर केला, फक्त या वेळी खाणं नीट दिलं. पुढची पिढी चांगल्या डोळ्यांची निघाली. रक्त निर्दोष सुटलं. बंद खोलीत कुणी न बघता एका मादीची बाजू इतक्या काळजीने मांडली गेली, या विचाराने मला का कोण जाणे भरून आलं.

हे जीवनसत्त्व हिरव्या चाऱ्यातल्या पिवळ्या-केशरी रंगद्रव्यापासून जनावर स्वतःच बनवतं आणि यकृतात साठवून ठेवतं. उन्हात वाळलेल्या, वर्ष वर्ष गंजीत राहिलेल्या कडब्यात ते रंगद्रव्य नावाला उरतं. एक उन्हाळा साठ्यावर निघतो, लागोपाठ दुष्काळ पडला की साठाही संपतो. त्यात वासराला पोटात असताना आईकडून ते फार थोडं मिळतं, खरा साठा मिळतो तो चिकातून. चीक पिवळा दिसतो तो त्याच रंगाने. आणि आपण काय करतो, तर खरवस. मीच मागितला होता ग्रुपवर, वेलदोडे घालून. जास्त झालं तरीही पंचाईतच, हेही खरं. ‘अ’ जीवनसत्त्वाचा भरमसाट मारा झाला तर पोटातल्या जिवाचं उलटं वाटोळं होतं. गर्भ कसला हिशोबी असतो, कमीही चालत नाही, जास्तही नाही.

अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगरकुरणांवरची गोष्ट याहून विचित्र आहे. 1950च्या दशकात तिथल्या कळपांत कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेली कोकरं जन्मू लागली. सरकारी माणसं आली, त्यातले लिन जेम्स कळपांमागे डोंगरात राहिले, मेंढ्या काय खातात ते बघत. शेवटी सापडली ती कॅलिफोर्नियाची जंगली कॉर्न लिली. मेंढीने गाभण राहिल्यावर साधारण चौदाव्या दिवशी ती खाल्ली तर मेंदूचे दोन भाग वेगळे होण्याचं काम अडतं, आणि मग डोळेही दोन होत नाहीत. एरवी खाल्ली तर कोकरू सहसा या तावडीतून सुटतं. मेंढपाळांनी मेंढ्या तेवढ्या दिवसांत त्या कुरणापासून दूर ठेवायच्या, बस्स. वनस्पतीतल्या त्या विषाला सायक्लोपामिन नाव पडलं. ते पेशींमधला जो निरोप अडवतं तोच निरोप काही त्वचाकर्करोगांत बेलगाम सुटलेला असतो, असं पुढे कळलं, आणि तो अडवणारं दुसरं औषध 2012 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. चौदावा दिवस! मेंढीला स्वतःलाही तोवर काही कळलेलं नसतं.

आता लहान डोळ्यांचं हे असं. मोठ्या डोळ्यांचं काय? त्यांना आपण लगेच जवळ घेतो. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक पग आहे. 2003 च्या हच कंपनीच्या जाहिरातीतला तो मुलामागे धावणारा पग आठवत असेल, त्यानंतर ही जात पुण्या-मुंबईत घरोघरी आली. लिफ्टमध्ये तो भेटला की सगळे वाकतात, ‘कित्ती मोठ्ठे डोळे!’ खरं तर त्याचे डोळे मोठे नाहीत. खोबण उथळ आहे. नाक-जबडा चेपत चेपत आपण कवटी अशी केली की डोळ्याला बसायला जागा उरली नाही. पापण्या पुरत्या मिटत नाहीत, बुबुळ कोरडं पडतं, जखमा होतात. दुसऱ्या कुत्र्याने मानगूट धरलं एवढ्यानेही पगचा डोळा खोबणीबाहेर येऊ शकतो. तळमजल्यावरच्याचा आला होता एकदा, दिवाळीत. त्या काकू ओल्या रुमालाने तो डोळा झाकून, कुत्र्याला छातीशी धरून रिक्षात बसल्या, तेव्हा त्यांच्या पायात दोन वेगळ्या चपला होत्या. डोळा परत बसवला, दृष्टी गेली. नेदरलँड्सने आता ठरवलं आहे की ज्या कुत्र्याचं नाकाड डोक्याच्या मानाने फारच आखूड, त्याची पैदास करायची नाही. आपल्याकडे अजून इन्स्टाग्राम चालू आहे.

खरोखर मोठा झालेला डोळा वेगळा. तो बहुतेक वेळा काचबिंदूचा असतो. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होत असतं आणि कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून निचरत असतं. निचरा तुंबला की दाब वाढतो. म्हाताऱ्या डोळ्याचं पांढरं कवच ताठ असतं, ते दाब सोसतं आणि आतली शीर मरते. कोवळ्या डोळ्याचं कवच ताणलं जातं, डोळाच फुगतो. न्यूझीलंड व्हाइट जातीच्या सशांत हे रक्तातूनच येतं. पिल्लू टपोऱ्या डोळ्यांचं म्हणून सगळ्यांत आधी विकलं जात असेल, नाही? जनावरांचे डॉक्टर म्हणूनच आधी बुबुळाचा व्यास बघतात. तो वाढलेला असेल तर डोळा मोठा झालाय, नसेल तर डोळा नुसता पुढे आलाय. कौतुकाने बघणाऱ्याला दोन्ही सारखेच. मत्स्यालयांत मिळणाऱ्या दुर्बीण-डोळ्यांच्या काळ्या गोल्डफिशचीही हीच कथा. चीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून तो मासा केला. त्याचे डोळे इतके लांबलेत की त्याला लांबचं दिसत नाही. टाकीत दाणे टाकले की साधे गोल्डफिश आधी फस्त करतात, हा बिचारा पाण्यात इकडेतिकडे तोंड मारत राहतो.

लांबचं दिसत नाही, हे मला सांगायला नको. माझा नंबर मायनस साडेआठ.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या तपासणीत यंत्राने कागदाची एक चिठ्ठी काढली. डोळ्याची लांबी, 27 मिलिमीटर आणि वर थोडं. चारचौघांचा डोळा असतो 24 च्या आसपास. म्हणजे ज्याला मी इतकी वर्षं ‘नंबर’ म्हणत आले तो एक वाढलेला डोळा आहे. लांबुडका, मागून ताणलेला, पडदा पातळ झालेला. गोठ्यात मी उचललेल्या पापणीआड दुसऱ्याच्या डोळ्याचं माप बघत होते, आणि माझ्याच कवटीत दोन बेमाप डोळे बसलेत. माझ्याकडे बघून कुणाला ग्रहण आठवलं नाही, कारण चष्मा लावला की झालं. उलट ‘अभ्यासू दिसतेस’ म्हणून स्थळवाल्यांनी कौतुकच केलं.

डोळा एवढा वाढतो कशाने, याची उकल माणसात नव्हे, जनावरांतच झाली. अमेरिकेत 1957 साली जेन्सन आणि मॅटसन यांनी कोंबडीची पिल्लं अहोरात्र दिव्याच्या उजेडात ठेवून पाहिली, तर त्यांचे डोळे प्रमाणाबाहेर मोठे झाले. साताऱ्याहून रात्री एसटीने येताना माळावर पोल्ट्रीच्या लांबच लांब शेड उजळलेल्या दिसायच्या, मला त्या फार सुंदर वाटायच्या. आत कोण जागं आहे, हा विचार कधी केला नव्हता. पुढे 1977 मध्ये टॉर्स्टन वीझेल आणि एलिओ राव्हिओला यांनी मकाक माकडांच्या पिल्लांच्या पापण्या शिवल्या. वीझेल तेव्हा दृष्टी आणि मेंदूवर काम करत होते, त्यासाठीच त्यांना 1981 चं नोबेल मिळालं. त्यांना दिसलं की शिवलेला डोळा लांब झालाय. धूसर उजेड आत येतो, पण चित्र उमटत नाही, तेव्हा डोळा वाढतच जातो. आणि तशाच पिल्लांना पूर्ण अंधारात ठेवलं तर वाढत नाही. म्हणजे डोळ्याचं माप जन्मताना ठरून येत नाही. बाळाचा डोळा जेमतेम 17 मिलिमीटरचा असतो, आणि पुढे कुठे थांबायचं हे तो बघत बघत ठरवतो. शिवलेल्या पापण्यांचं वाचताना मात्र मी फोन उलटा ठेवला. माझ्या चष्म्याचं गणित त्या माकडांच्या पिल्लांवर सुटलंय, आणि मला ते सुटलेलं हवंही आहे. या दोन वाक्यांचं काय करायचं ते मला ठरवता आलेलं नाही.

वहिनींना मुलगी झाली. बाळ हातात आल्यावर मामीने सगळ्यांत आधी काय केलं, तर दोन बोटांनी पापणी हलकेच उचलून आत पाहिलं. मग दुसरी. मगच ‘लक्ष्मी आली’ म्हणाली. कालवड आता वर्षाची झाली आहे. भिंतीच्या कडेकडेने पाण्याच्या हौदापर्यंत जाते, बादलीच्या कडीचा आवाज ओळखते, वहिनींच्या पायरवाने उभी राहते. गिऱ्हाईक आलं होतं, निम्म्या किमतीला मागत होतं. मामाने वाटेला लावलं. ‘दूद काय डोळ्यातनं येतंय व्हय?’ पण तिला भरवायची की नाही, यावर त्याचं अडलं आहे. दोष वैरणीचा असेल तर तिची वासरं ठणठणीत होतील. दोष कांडीतून आलेला असेल तर पुन्हा तेच. तपासण्या करायच्या तर नमुने बाहेर पाठवायचे, आणि खर्च करून कालवडीला डोळे येणार नाहीत, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. आजीचा मात्र ग्रहणावर अजूनही विश्वास आहे, आणि कालवडीला सगळ्यांत जास्त गूळही तीच चारते.

परवा ताईबरोबर भाच्याला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. दुसरीतला मुलगा, सहा महिन्यांत नंबर पाऊण वाढलेला. त्याच यंत्राने तशीच चिठ्ठी काढली. ताईने चिठ्ठी नीट बघितलीही नाही, म्हणाली, ‘डॉक्टर, हा पोटात असताना मी रात्र रात्र मोबाइल बघायचे. त्याने तर नाही ना?’ इंजिनीअर आहे ती, पुण्यात नोकरी करते, ग्रहणात बटाटेवडे तळते. डॉक्टरांनी चष्मा काढून ‘नाही’ म्हटलं, मग पुन्हा एकदा म्हटलं. नंबरात आईबापांचा वाटा असतोच, पण पोटात असताना आईने काय पाहिलं त्याचा नाही. मग त्यांनी विचारलं, हा दिवसाउजेडी घराबाहेर किती वेळ असतो? चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटं जास्त उघड्यावर सोडलं, तर तीन वर्षांत त्यांच्यातल्या 30.4 टक्के मुलांना नव्याने मायनस नंबर लागला, तसं न सोडलेल्या मुलांत 39.5 टक्के, असं त्यांनी सांगितलं. फार मोठा फरक नाही, पण फुकटचा आहे. नुसता उजेड हवा, खेळ कोणताही चालेल.

ताई बोटांवर मोजायला लागली. सकाळी सातला काळ्या काचांची बस, दुपारी चारला परत, मग अबॅकस, मग तळघरातला स्केटिंगचा क्लास. खाली सोसायटीत जागा आहे, पण गेटशेजारीच पाटी आहे, ‘आवारात चेंडू खेळण्यास सक्त मनाई’, लाल अक्षरांत, खाली कमिटीचा शिक्का. तिने पाटी काढण्यासाठी अर्ज केला आहे, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडून. सेक्रेटरींनी तो पुढच्या मीटिंगला घेतो म्हणून सांगितलंय, पार्किंगच्या विषयानंतर.